‘दुपार’ची डावी बाजू

ता. २ मार्च

ती. स्व. मावशीस,

सा. न. वि. वि. साष्टांग मी घातलाय, तू उगाच मला उठवायला वाकू नकोस. तुझे गुडघे सांभाळ.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानं भरतेस, त्यापेक्षा पत्र बरं, हे तुझं म्हणणं मला आता पटलंय. शिवाय आज जे सांगायचंय ते फोनवर सांगताना माझा आवाज कापला असता आणि तू पाच मिनिटांत आईला कळवलं असतंस.

बातमी अशी की संग्रहालय उघडतंय. पावणेदोन वर्षांनी! साथीत दरवाजे बंद झाले तेव्हा मला तिथं लागून जेमतेम पाच आठवडे झाले होते. म्हणजे माझी आजवरची नोकरी बंद संग्रहालयातच झाली म्हण ना. चोवीस तारखेला, बुधवारी दुपारी चारला, पहिला कार्यक्रम आहे आणि तो माझ्या गळ्यात पडलाय. माझी फोनवरची मंडळी प्रत्यक्ष येणार आहेत. घरात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना दर बुधवारी एका लाइनवर घेऊन मी अर्धा तास एक चित्र तोंडी सांगते, हे तुला लिहिलं होतं. सुरुवातीला चौदा जण होते. आता अकरा आहेत.

संचालकबाई खुशीत आहेत. माणसं पुन्हा आत आली पाहिजेत, असं त्या दिवसातून चारदा म्हणतात. मी नुसती मान डोलावते. काल तिसऱ्या दालनात अकरा खुर्च्या लांब लांब मांडून पाहिल्या. कुणी खोकलं तर काय करायचं, कुणाला माझ्या कार्यक्रमातून दुखणं लागलं तर तोंड कुठं लपवायचं, असं मनात आलं आणि मी सगळ्या खुर्च्या पुन्हा भिंतीला लावून टाकल्या. फोनवर मी बरी होते. तिथं कुणाचा श्वास अंगावर येत नाही.

त्यातही एका माणसाची धास्ती जास्त आहे, आणि तो सगळ्यांत प्रेमळ आहे. त्यांना आम्ही घड्याळवाले आजोबा म्हणतो. पन्नास वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. बायको अंथरुणाला खिळलेली, म्हणून फोनचा स्पीकर लावून तो तिच्या उशीवर ठेवायचे. त्या आजींना एकच चित्र आवडायचं, ‘दुपार’. तू राखणीला बसायचीस त्याच दालनातलं, तू लगेच ओळखशील. मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, कारण नोकरीआधी मी तिथं कधी आले नव्हते आणि मी लागले तेव्हा ते बाहेरगावी दुरुस्तीला गेलं होतं. पण तू निवृत्त होताना दुकानातली उरलेली चित्रकार्डं पुडकं बांधून मला दिली होतीस ना, सगळी चित्रं मी त्यांवरूनच सांगत आलेय. पलंगावर झोपलेली बाई, खिडकीतून तिच्या पायांवर आलेलं ऊन, शेजारी खुर्चीत तिचा नवरा आणि त्याच्या हातात चहाचा कप. तिला उठवावं की नाही हे त्याचं ठरत नाही. इतकी छान झोप लागलेल्या माणसाला उठवू नये बरं का, असं मी पदरचं घालून सांगायचे आणि आजी हसायच्या. त्यांच्या हट्टापायी ते चित्र मी चार वेळा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं, त्याच दुपारी त्या गेल्या. पुढच्या बुधवारी आजोबांनी लाइनवर सगळ्यांना सांगितलं की चित्र ऐकता ऐकता ती झोपेतच गेली, त्या चित्रातल्या बाईसारखी, मला कळलंसुद्धा नाही.

आता ‘दुपार’ परत आलंय. अजून खोक्यात आहे, अठराला भिंतीवर चढेल. आजोबा आपल्या मुलीला घेऊन खास त्याच्यासाठी येणार आहेत. मी सांगितलं तितकं ते चित्र सुंदर नसलं तर त्यांचं काय होईल, या विचारानं माझा जीव टांगणीला लागलाय. तू दोन शब्द धीराचे लिही, टोमणे नंतर मार.

लोभ आहेच. त्यात भर घालायला तुझ्याकडे जागा उरली असेल तर घाल.

तुझी,
ठमी


ता. ६ मार्च

चि. ठमीस,

अ. उ. आ. त्यांतले दोन आशीर्वाद जास्तीचे आहेत, ते चोवीस तारखेसाठी राखून ठेव.

धीराचे शब्द मागितलेस, टोमणे नंतर म्हणालीस. माझ्याकडे दोन्ही एकाच डब्यात असतात. लहानपणी तू पाहुणे आले की कपाटाच्या मागे जाऊन बसायचीस आणि तुझी आई तुला वेणीला धरून बाहेर काढायची. तीच तू आज अकरा पाहुणे बोलावतेस, मला कौतुक वाटलं. भीती वाटते तर वाटू दे. मला पहिल्या दिवशी त्या दालनात बसवलं तेव्हा मी एवढी घाबरले होते की एका माणसानं वेळ विचारली तर हात लावू नका म्हणून त्याच्यावर ओरडले.

कामाचं ऐक. तिसऱ्या दालनाची फरशी घसरते, म्हाताऱ्यांना दाराशी सावध कर. पाठ असलेल्या खुर्च्या घे. खिडक्या वरून उघडतात, त्याची काठी पडद्यामागे असते. आणि दोन तास उभं राहायचं तर मऊ तळव्याचे बूट घाल, ते टकटक करणारे नकोत.

‘दुपार’चं वाचून मात्र मी तोंडात बोटं घातली. एकोणतीस वर्षं ते चित्र माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर होतं. पण मरणाच्या दारातल्या बाईला ते चार वेळा सांगायचं आणि तिनं हसायचं, म्हणजे तू ते सांगितलंस तरी कसं? त्या डाव्या बाजूच्या सुताराचं काय केलंस? शाळेची मुलं यायची ती आधी त्याच्याकडेच बोट दाखवायची आणि बाई गप्प व्हायच्या. तू त्यातून वाट कशी काढलीस ते मला नीट लिही.

गुडघे आहेत तसेच आहेत. डॉक्टर चाल म्हणतो आणि जिना उतरू नको म्हणतो, आता मी चालू कुठं ते त्यानंच सांगावं.

आशीर्वाद वर दिलेच आहेत, खाली पुन्हा देत नाही. माया मात्र कमी करू नकोस.

तुझी मावशी


ता. ९ मार्च

ती. स्व. मावशीस,

सा. न. वि. वि.

कुठला सुतार?

मावशी, चित्रात सुतार नाही. तुझं पत्र हातात घेऊन मी ते कार्ड खिडकीशी नेलं, भिंगाखाली धरलं. पलंग आहे, खिडकी आहे, बाई आहे, नवरा आहे, कप आहे. डावीकडे दाराची नुसती चौकट दिसते आणि तिथं कार्ड संपतं. आपल्या वेबसाइटवरही पाहिलं, तर कुणीतरी हेच कार्ड स्कॅन करून टाकलंय. तू दुसऱ्या कुठल्या चित्राशी गल्लत तर करत नाहीस ना? कर ग बाई. तुझी चूक आहे असं म्हण, मी जन्मभर चिडवणार नाही.

खोकं तळघरात आहे, सील केलेलं. अठराच्या आत कुणी हात लावायचा नाही अशी चिठ्ठी आहे त्यावर. तिथल्या माणसाला मी विनवलं, तर तो म्हणाला की साहेब लोकांची सही आणा. संचालकबाईंना विचारायचं तर कोणत्या तोंडानं विचारू? दीड वर्ष मी जे चित्र लोकांना सांगतेय ते मी पाहिलेलंच नाही, हे त्यांना माहीत नाही. जुनी माणसं ऑफिसात कुणी उरलेली नाहीत. कालपासून जेवण जात नाही. तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य सारखं डोळ्यांपुढे येतं, की बाई गप्प व्हायच्या. का गप्प व्हायच्या?

मला ते चित्र तू सांग. जसं मी त्यांना सांगते तसं, काही न वगळता. टपालाला उशीर करू नकोस.

लोभ आत्ता सगळाच्या सगळा हवाय.

ठमी


ता. १२ मार्च

चि. ठमीस,

अ. उ. आ. आधी पाणी पी, मग वाच.

मी गल्लत केलेली नाही. देवाशपथ, केली असती तर बरं झालं असतं असं आज वाटतंय.

ते चित्र लांबट आहे, माझ्या दोन्ही हातांच्या पसाऱ्यापेक्षा लांब. दुकानातलं कार्ड बाकीच्या कार्डांच्या मापात बसवायचं म्हणून छापणाऱ्यानं डावीकडचा तिसरा हिस्सा उडवला. मी तेव्हा दुकानदाराशी भांडलेही होते. तो म्हणाला की लोकांना झोपलेलीच बाई आवडते, आणि कार्डं खपली. नंतर मला त्याची सवय झाली. तुला पुडकं दिलं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही की तू यातून चित्रं सांगत बसशील. ही चूक अर्धी माझी आहे ठमे, आणि मला तिची लाज वाटते.

आता डावी बाजू. दाराच्या त्या चौकटीपलीकडे दुसरी खोली आहे. अंधारी, पण माणसं दिसतात. एक शेजारीण उभी आहे. तिच्यासमोर सुतार आहे, त्याच्या हातात मापासाठी गाठी मारलेली दोरी. शेजारीण हात वर करून त्याला उंची दाखवतेय, एवढी होती म्हणून. तो शवपेटीचं माप घ्यायला आलाय. जमिनीवर चार फळ्या पडलेल्या आहेत. ती बाई झोपलेली नाही. ती गेलेली आहे, आणि ते त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त कप घेऊन बसलेल्या नवऱ्याला कुणी अजून सांगितलेलं नाही. सांगायचा धीर कुणाला होत नाही, म्हणून तर ते दोघं पलीकडे कुजबुजतायत. चित्राखालच्या पाटीवर नुसतं ‘दुपार’ एवढंच आहे, तिथंही काही लिहिलेलं नाही.

हे लिहिताना मला तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटते आहे. त्या माणसानं बायकोच्या जाण्याला तुझ्या चित्राचा आधार दिलाय. तो तिथं येऊन उभा राहील आणि त्याला सुतार दिसेल. तेव्हा चोवीसच्या आधी त्याच्या घरी जा, समोर बस आणि सांग. दार उघडेपर्यंतच अवघड असतं. आईला मी काही कळवलेलं नाही, एवढा तरी माझ्यावर विश्वास ठेव.

माझ्यावरचा लोभ या पत्रानं पातळ झाला असेल तर समजेन मी, पण टाकू नकोस.

तुझी मावशी


ता. १६ मार्च

ती. स्व. मावशीस,

सा. न. वि. वि. लोभ पातळ झालेला नाही. तुझ्यावर रागवायलाही अंगात जोर हवा, तो सध्या नाही.

आधी संचालकबाईंकडे गेले. या कार्यक्रमासाठी दुसरं चित्र घेऊ या का, असं विचारलं. त्या म्हणाल्या की भिंतीवरचे मोठे फलक ‘दुपार’चे लागलेत, वर्तमानपत्रात आलंय, आता काय वेड लागलंय का. मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं की बरं वाटत नाही का. मी हो म्हटलं आणि बाहेर आले. खरं सांगायचं धाडस नाही झालं.

काल आजोबांकडे गेले. तिसरा मजला, अरुंद जिना. दार मुलीनं उघडलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, कुठल्याशा दवाखान्यात हिशेबनीस आहे. माझा आवाज ऐकल्याबरोबर तिनं मला ओळखलं आणि तिचा चेहरा क्षणभर पडला, मग ती हसली. आजोबा लहानखुरे आहेत. मी त्यांना कायम उंच समजत होते. त्यांनी मला खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं, चिमटे, भिंगं, बारीक स्क्रू सगळं दाखवलं. नव्वद भागांचं एक लहानसं यंत्र माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले की श्वास जपून सोडा. आजी गेल्यावर मी त्यांना ‘दुपार’चं एक कार्ड पाठवलं होतं, ते भिंतीवर चौकटीत लावलंय. बरोबर पलंगाच्या समोर.

मी सुरुवात केली होती ग. म्हटलं, आजोबा, त्या चित्राबद्दल थोडं सांगायचंय. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले की तुम्ही नसता तर तिच्या जाण्याचा विचारसुद्धा मला सोसला नसता, शांत झोपेत गेली हे मी रोज सकाळी स्वतःला सांगतो आणि मगच उठतो. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली. आलेला चहा प्यायले, चित्र कसं स्वच्छ केलंय याबद्दल काहीबाही बोलले आणि जिन्यावरून जवळजवळ पळत खाली आले.

आता माझं असं ठरलंय. भांडारात कार्यक्रमाची माहिती लावायचा एक उभा बोर्ड आहे, चांगला माणूसभर उंचीचा. तो मी चित्राच्या डाव्या बाजूपुढे ठेवणार. दालनात गर्दी नको म्हणून सगळ्यांना उजवीकडूनच आत घेणार. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. त्यांना त्यांची झोपलेली बाई बघू दे आणि सुखानं घरी जाऊ दे. तू रागावशील हे मला माहीत आहे. पण तो हात तू पाहिला नाहीस.

आणखी एक लिहू का? चित्र सांगताना मी म्हणायचे ना, की झोपलेल्या माणसाला उठवू नये. त्या दिवशीही म्हटलं होतं. ते वाक्य माझं होतं, चित्रातलं नव्हतं.

रागावलीस तरी लोभ असू दे, दोन्ही एकदम जमतं तुला.

ठमी


ता. १९ मार्च

चि. ठमीस,

अ. उ. आ. रागावलेय.

मी कुणाला सांगितलेली नाही अशी एक गोष्ट सांगते. माझ्या नोकरीच्या दहाव्या-अकराव्या वर्षी एक बाई यायची. काळे कपडे, हातात पिशवी. तिची मुलगी गेली होती. ती येऊन उजवीकडच्या बाकावर बसायची आणि ‘दुपार’मधल्या बाईकडे बघायची. तिची नजर कमजोर होती, पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतलं तिला दिसत नव्हतं. एकदा तिनं मला विचारलं की ही किती गाढ झोपलीय नाही, आणि मी हो म्हटलं. त्यानंतर ती उठून जवळ जायला लागली की मी डाव्या बाजूला जाऊन उभी राहायचे. माझी पाठ तेव्हाही चांगली ऐसपैस होती. चार-पाच महिने मी हे केलं आणि स्वतःला मोठी दयाळू समजले.

मग मी एकदा आजारी पडले. त्या दिवशी ती आली, नवा चष्मा घालून. दालनात कुणी नव्हतं. आठवड्यानं ती पुन्हा आली ती माझ्याकडेच. आरडाओरडा नाही केला. एवढंच म्हणाली की तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही शेजारी असताना मला बघू द्यायचं होतं, मला ते एकटीला बघावं लागलं. नंतर ती आली नाही. बोर्ड घेऊन तू उभी राहशील तेव्हा तिचा विचार कर. चित्र तिथंच राहणार आहे, संग्रहालय आता रोज उघडं असणार आहे, आणि तुझे आजोबा पुन्हा येणारच.

मी आले असते ग. काल जिना उतरून पाहिला. सहा पायऱ्या झाल्या आणि शेजाऱ्यांनी मला धरून वर आणलं. तुझ्यापायी मी कधी नव्हे ती इतकी घाबरलेय.

माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं. पुढचं पत्र लवकर टाक.

तुझी मावशी


ता. २५ मार्च

ती. स्व. मावशीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तरीही बोर्ड ठेवला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

अठराला चित्र लागलं तेव्हा मी एकटीनं जाऊन पाहिलं. तू लिहिलं होतंस तसंच आहे. फक्त त्या शेजारणीचा वर केलेला हात तू लिहिलास त्यापेक्षा वाईट आहे. बोटं सरळ नाहीत तिची, किती उंच ते तिला नक्की आठवत नसावं.

काल साडेतीनपासून माणसं यायला लागली. मी दाराशी उभी होते आणि मला एकही चेहरा ओळखू येत नव्हता. मग त्यांनी तोंड उघडलं की माझा जीव भांड्यात पडायचा. फोनवर गडगडणारे ते बसचालक काका माझ्या खांद्याएवढे आहेत. एकाच फोनवरून भांडणाऱ्या दोघी बहिणी एकमेकींचा हात सोडत नव्हत्या. सगळे एकमेकांपासून दूर उभे होते, हसत होते आणि घाबरलेले होते. आमच्या लाइनवरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना ठसका लागला आणि सगळं दालन जागच्या जागी थिजलं. त्या बिचाऱ्या पाणी, पाणी एवढंच म्हणत होत्या. मी बाटली दिली तेव्हा माझ्याच हातातून निम्मी सांडली. फरशी पुसेपर्यंत चार वाजायला आले.

आजोबा सगळ्यांत शेवटी आले. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. मुलगी मागे. ठरवल्याप्रमाणे मी त्यांना उजवीकडून आणलं. ते चित्रापुढे उभे राहिले आणि बघत राहिले. बाईकडे, मग तिच्या पायांवरच्या उन्हाकडे. मला म्हणाले की अगदी तुम्ही सांगितलं तसं आहे हो. मग शाबासकी द्यावी तशी त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यानं मी संपले मावशी. त्या काळ्या कपड्यातल्या बाईनं तुझं हो ऐकून अशीच मान हलवली असेल, असं वाटलं. मी जाऊन बोर्ड उचलला. तो उचलला जाईना, म्हणून मी ओढला आणि फरशीवर त्याचा असा कर्कश आवाज झाला की सगळे वळून बघायला लागले. बोर्ड भिंतीला टेकवला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मी हे चित्र कधी पाहिलं नव्हतं, कापलेल्या कार्डावरून सांगत होते, मला माहीत झाल्यावरही मी ते आज झाकून ठेवलं. आणि ही बाई झोपलेली नाही. आवाज इतका कापत होता की शेवटचं वाक्य मला पुन्हा म्हणावं लागलं.

आजोबा डावीकडे सरकले. खिशातून घड्याळाचं भिंग काढलं, ते डोळ्याला लावलं आणि सुताराच्या दोरीपासून सुरुवात करून सगळी खोली पाहून काढली. मी त्यांच्या मुलीकडे बघायचं टाळत होते. मग त्यांनी विचारलं की या खुर्चीतल्या माणसाला माहीत आहे का. मी म्हटलं की माझी मावशी इथं एकोणतीस वर्षं बसायची, ती म्हणते की त्याला कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा ते बोलले. माझ्याशी नाही, चित्राकडे बघून. त्या बुधवारी चारला चहा करून ते तिच्याजवळ बसले. फोन उशीवर होता. माझं चित्र चालू होतं. ती डोळे मिटून पडली होती. मी म्हटलं की झोपलेल्या माणसाला उठवू नये, म्हणून त्यांनी उठवलं नाही. चित्र संपलं, फोन बंद झाला, तरी ते कप धरून बसून राहिले. मध्ये एकदा तिच्यावर रागावलेही, चहाचं पाणी झालं म्हणून. सव्वापाचला मुलगी कामावरून आली, तोवर ते बसलेलेच होते. बायको चित्र ऐकतानाच गेली असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पण कधी गेली ते त्यांना माहीत नाही. जन्मभर लोकांची घड्याळं लावली आणि मेलेल्या बायकोशी तास-सव्वा तास बोलत बसलो, असा मूर्ख माणूस जगात मी एकटाच असेन असं वाटायचं, असं म्हणाले. मग खुर्चीतल्या माणसाकडे बोट दाखवलं आणि त्यांचा हात तसाच वर राहिला.

मला वाटलं होतं ते कोसळतील. पण रडायला लागली ती त्यांची मुलगी. ती पुढे आली आणि सुताराच्या समोर येऊन थांबली. म्हणाली की त्या दिवशी मी दारातूनच पाहिलं आणि मला कळलं, बाबा. मी पलीकडच्या खोलीत गेले. दवाखान्यात फोन केला, गाडीसाठी फोन केला, मामाला फोन केला. सगळं हळू आवाजात ठरवलं. मगच तुमच्याकडे आले.

आजोबांनी भिंग खाली केलं. ते तिच्याकडे वळले. मग विचारलं की किती वेळ उभी होतीस तिकडे.

तिनं सांगितलं की वीस मिनिटं. फोन पाच मिनिटांत झाले होते. पण बाबा आईशी बोलत होते, म्हणून ती थांबली.

यापुढचं मला आज लिहिता येत नाही. तुझ्या लोभाच्या भरवशावर इथंच थांबते.

तुझी,
ठमी